नळीतली कुंभारीण

जाळी पेटत नव्हती.

बटण दाबलं की आत टक्‌ टक्‌ करून ठिणगी उडायची, झोपेतल्या माणसाची पापणी हलावी तेवढीच, आणि विझायची. गॅसचा वास यायचा. मग काहीच नाही. ममता पुन्हा बटण दाबायची. पुन्हा पापणी, पुन्हा झोप. ऑक्टोबरच्या उन्हात सगळा तांडा असा पडला होता की कोंबड्यांनाही पाय उचलायचा आळस आला होता. सोयाबीन निघालं होतं, कापूस नुकता फुटू लागला होता, आणि अंगणाअंगणावर भुसकटाची पिवळी धूळ तरंगत होती. खाली बसायला ती तयारच नव्हती.

ही जाळी म्हणजे गॅसवरची भाजायची शेगडी. छातीइतकी उंच, खाली दोन चाकं, वर झाकण, आणि पोटात दोन लांब नळ्या, ज्यांच्या भोकांतून आग निघते. यवतमाळचं कुठलंसं हॉटेल बंद पडलं तेव्हा ममताच्या भावानं, उत्तमसिंगनं ती तिच्यासाठी सोडवली. तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत वेल्डिंग करतो. उन्हाळ्यात त्यानं ती स्वतः पोहोचवली, पेटवून दाखवली, आणि सगळ्या तांड्यानं निळी आग पाहून टाळ्या वाजवल्या. मग पावसाळा आला. जाळी शेडमध्ये गेली, जिथं पूर्वी म्हैस बांधलेली असायची तिथं. तेव्हापासून घरात तिचं नावच म्हैस पडलं.

आणि आज, नेमकं आज, म्हैस दूध देईना.

आज ढाणकीचा बाजार. हाफिजभाई टेलर संध्याकाळी मशीन झाकून घरी जातो. त्याच्या दुकानासमोरचा ओटा बाजाराच्या अगदी तोंडाशी. त्यानं ममताला साफ सांगितलं होतं, "बेटी, या बाजाराला तुझा गाडा लागला तर ओटा तुझा. नाही लागला तर तो नूडल्सवाला रोज येऊन बसते मह्या मशीनपाशी. मी त्याले कुठवर चहा पाजू?"

ममता भरीत-भाकर विकणार होती. वांगी टोपलीत तयार होती, हिरवी, गुबगुबीत, देठाला काटे असलेली. कांद्याची पात धुऊन ठेवली होती, मिरच्या निवडून झाल्या होत्या. लोक हसले होते. भरीत कोण विकत खाते? हेच लोक ढाब्यावर बसून लाल रश्शात पनीर शोधतात आणि सापडलं नाही तरी बोटं चाटतात. घरच्या बाईच्या हाताला चव असते, किंमत नसते, हे आपल्याकडं लहानपणीच शिकवतात.

पण खरी गोष्ट भरिताची नव्हतीच. ममताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. यवतमाळचे दवाखाने झाले, नांदेडचे झाले, एका बाबाची राख पाण्यातून घेऊन झाली. होळीच्या दिवशी तिनं घरात सांगितलं, आता बस. आता सुया नाहीत, राख नाही. मला गाडा लावायचा आहे. कुणी भांडलं नाही. कुणी हो म्हणालं नाही. मूल न होणाऱ्या बाईशी आपले लोक भांडत नाहीत, तिची कीव करतात. आणि कीव ही शिवीपेक्षा हलकट गोष्ट आहे. शिवीला उलटून शिवी तरी देता येते.

तर ही जाळी पेटणं म्हणजे तिचं म्हणणं पेटणं होतं. ते आजच पेटायला हवं होतं.

फैज आला तो फटफटीवर, हँडलला पिशवी अडकवून. ढाणकीत तो शेगड्या, कुकर, मिक्सर, जे पडेल ते दुरुस्त करतो. आला आणि जाळीभोवती एक चक्कर मारून उभा राहिला, बैल विकत घ्यायला आल्यासारखा.

"भाभी, पहिले हे सांगा, टाकीत गॅस हाय ना?"

"सकाळीच आणली. उचलून पाह्य. कंबर गेली माही."

"लोक रिकामी टाकी घेऊन मले बलावतात, म्हून इच्यारलं. गुस्सा नका होऊ."

त्यानं टाकी हलवली. भरलेली होती. रेग्युलेटर काढून पाहिला, आतलं रबरी वायसर बोटानं दाबलं, म्हणाला, "हेच हाय. हे मेलं." नवं बसवलं. बटण दाबलं. टक्‌ टक्‌. काही नाही.

"मेलं नव्हतं वाटते," ममता म्हणाली.

"थकलं तर होतं ना," फैज म्हणाला आणि पाइपाकडं वळला. पाइपाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नव्हती. पाइपाला एका ठिकाणी मोड पडली होती ती सरळ केली. टक्‌ टक्‌. काही नाही. मग त्यानं टाकी बंद करून गॅस सोडायच्या कळीपाशीचा जेट काढला, म्हणजे ती बारीक भोकाची पितळी टोपी जिच्यातून गॅस नळीत जातो. फुंकला, सुई घातली, परत बसवला. टाकी आणि कळ उघडली. सूं आवाज आला. गॅस येत होता. पण पेटत नव्हता.

ओट्यावर सासू बसली होती, धुरपताबाई. कपाळावर पदर, हातात चवळीची शेंग. सोलत नव्हती, नुसती धरून होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि धुरपताबाई बोलत नसली की तांड्यावरची कुत्रीही बेचैन होतात.

"वास खालून येऊन राह्यला," फैज जमिनीशी नाक नेऊन म्हणाला. "वरतं चढतच नाही गॅस. जेट मोठा पायजे असन. दुकानात जाऊन आणतो. तवरक कोणी बटण दाबू नका. नाही तर खालीच भडका होईन अन् माही नवी फटफटी जाईन."

"अन् आमी?"

"तुमी पण जासान, पण तुमची किश्त नाही बाकी."

तो गेला. धूळ वर उठली आणि तशीच हवेत राहिली.

ममता कडुनिंबाखाली बसली. जाळी समोर उभी, काळी, झाकण मिटलेली. दुपार अशी जड झाली की तिच्यात बोट बुडवलं असतं तर वर खळगी राहिली असती. कुठंतरी गूं असा एक बारीक आवाज होता. मशीनचा असेल, दूरच्या ट्रॅक्टरचा असेल, तिच्या डोक्यातला असेल. तो आवाज जवळ यायचा, लांब जायचा, थांबायचा. ममताचे डोळे मिटले.

ती एका अरुंद बोगद्यात होती. भिंती मातीच्या, ओल्या, बोटांचे ठसे असलेल्या. अंधार होता पण भीती नव्हती, कारण अंधार उबदार होता. तिच्या दोन्ही बाजूंना कुणी कुणी झोपलेलं होतं, मऊ, हिरव्या लुगड्यातल्या बाया जणू, एकीला चिकटून एक. तिनं एकीला हात लावला. ती जिवंत होती. पण उठत नव्हती. ममतानं दुसरीला हलवलं, तिसरीला. सगळ्या जिवंत, एकही उठेना. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते आणि वाट पाहत होत्या, कुणाची ते त्यांनाही माहीत नव्हतं. बोगद्याच्या तोंडाशी उजेडाचा एक गोल होता. तो लहान होत चालला. बाहेरून कुणीतरी मातीचा एक एक गोळा लावत होतं, हळूहळू, फार मायेनं. बांगड्यांचा आवाज येत होता. त्या बांगड्या ओळखीच्या होत्या. ममतानं ओरडायला तोंड उघडलं आणि तोंडात गोड, ओली माती आली.

गूं.

ती दचकून उठली. कानाशी कुंभारीण होती. काळी, कमरेत दोऱ्याएवढी बारीक, पाय लोंबकळत ठेवून उडणारी ती माशी, मातीचं घर करणारी. तोंडात ओल्या मातीचा मुगाएवढा गोळा. ती ममताच्या डोक्यावरून गेली, जाळीकडं वळली, खाली उतरली, आणि कळीपाशी जिथं नळीचं तोंड उघडं असतं, जिथून गॅस हवा ओढून घेतो, त्या तोंडातून आत गेली. जणू घरीच गेली.

ममता बसूनच राहिली. थोड्या वेळानं कुंभारीण रिकामी बाहेर आली. उडाली. ममता तिच्या मागं गेली.

पाऊस जाऊन किती तरी आठवडे झाले होते. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, अंगण सारवलेलं आणि कोरडं ठक्क. मग ही ओली माती आणते कुठून? कुंभारीण शेडला वळसा घालून पाण्याच्या ड्रमामागं उतरली. तिथं फुटक्या माठाचं खापर ठेवलेलं होतं. खापरात गाळाची माती, चाळलेली, मळलेली, लोण्यासारखी. वर पाण्याचा चकाकता थर. आणि मातीत बोटांचे ठसे, कुणीतरी रोज मऊ करून ठेवल्याचे.

ममतानं मान वळवली. ओट्यावर धुरपताबाई चवळीच्या शेंगेकडं पाहत होती. तिच्या नखांत माती होती.

आपल्याकडं कुंभारणीचं घर कुणी फोडत नाही. भिंतीवर असो, देवळीत असो, लेकराच्या दप्तरात असो. तिनं घर केलं म्हणजे त्या घरात लेकरू येणार. लेकरू येईस्तोवर हात लावायचा नाही, नाही तर येणारं माघारी जातं. हे सगळ्यांना माहीत असतं. नाही म्हणायला मास्तर लोक हसतात, पण त्यांच्या घरीही फोडत नाहीत.

"याडी," ममता म्हणाली. आई म्हणायची ती सासूला, तांड्याच्या बोलीत. "हे माती कोण ठेवली?"

"कोणती माती?"

"तुमच्या नखातली."

धुरपताबाईनं हात पदराखाली घेतले. मग काढले. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"पावसातच दिसली मले ते. भिंत सोडली, चौकट सोडली, तुह्याच म्हशीत शिरली. दुसऱ्या कोणाच्या नाही. तुह्या! मंग मी काय करू? पाऊस गेला, माती वाळली, ते फिरून चालली होती बिचारी. म्हून ओली करून ठेवली. पाप केलं का मी?"

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू फोडलं असतं."

"फोडलंच असतं!"

"मंग?" धुरपताबाई म्हणाली. तिच्या दृष्टीनं हिशेब पूर्ण झाला होता. "मह्या पोटी धनसिंग आला त्या वक्ताले चुलीवरच्या फळीले केलतं तिनं घर. पाच वर्सं मी वाट पायली होती, पाच. लोक मले हळदीकुंकवाले बलावत नव्हते. तुले का वाटते, मी तुह्या जिवावर उठली? मी तुह्यासाठी पाणी घालून राह्यली होती, पोरी. तुह्यासाठी."

इथंच माणूस हरतं. शत्रूनं वाट अडवली तर दगड उचलता येतो. मायेनं वाट लिंपून टाकली तर काय उचलायचं?

ममतानं टाकी बंद केली, पाइप काढला आणि पान्ह्यानं नळ्यांचे स्क्रू सोडायला लागली. तेवढ्यात फैज जेट घेऊन परत आला, आणि त्याच्या मागोमाग पिकअप घेऊन धनसिंग, तिचा नवरा. दुसऱ्याची पिकअप चालवतो तो. आज बाजारसमितीत सोयाबीन टाकून, जाळी न्यायला म्हणून आला होता.

ममतानं पहिली नळी मोकळी केली आणि उन्हात धरली. तोंडापासून आतपर्यंत मातीचे गोल एकाला एक लागून, चिकणे, सुबक, कुंभारानं हात टेकावे असे. दुसरी नळीही तशीच. फैजनं मोबाइलचा उजेड आत टाकला आणि लगेच बंद केला.

"जेटचा दोष नाही मंग," तो म्हणाला.

"तार दे," ममता म्हणाली.

"भाभी, तार हाय. पण मी नाही घालत."

"काहून? तुमच्यातही मानतात का?"

"आमच्यात न् तुमच्यात काय, कुंभारीण जात इच्यारून येते का? मह्या बायकोले, जेबाले, सातवा महिना हाय. मह्या घरी देवळीतच घर केलं तिनं. मी आज इथं फोडू अन् घरी जाऊन जेबाले तोंड दाखवू?" तो खरंच घाबरला होता. विजेच्या उघड्या तारेला हात घालणारा माणूस, चिमूटभर मातीला घाबरला.

ममतानं नवऱ्याकडं पाहिलं. धनसिंग पिकअपच्या टायरला पायानं दाबून हवा बघत होता. हवा भरपूर होती.

"तुमाले माहीत होतं?"

"मले? म्हंजे... याडी बोलली होती एकखेप."

"कवा?"

"पोळ्याच्या आंगंमागं."

"अन् तरी मही जाळी न्याले गाडी घेऊन आले?"

"मले वाटलं पेटन तशीच," तो म्हणाला. मग मान खाली घालून, अगदी हळू, "मले वाटलं दोन्ही होईन."

दोन्ही होईल. बाईनं गाडाही लावावा आणि पोटही वाढवावं, आणि नवऱ्यानं टायरची हवा बघावी. तरी ममताला त्याचा राग आला नाही, याचाच तिला राग आला. कारण तो खोटं बोलत नव्हता. दोन्ही होईल असं तिलाही कितीदा वाटलं होतं, पहाटेच्या अर्धवट झोपेत, जेव्हा माणूस स्वतःला लाच देतं.

तिनं शेडच्या कोपऱ्यातली मोडकी छत्री उचलली, एक काडी मोडून घेतली. दोन्ही नळ्या ड्रमापाशी नेल्या, आत पाणी ओतलं, आणि माती भिजायची वाट पाहत उभी राहिली. कुंभारीण आली. तोंडात गोळा. नळी जागेवर नव्हती. ती हवेत तिथंच फिरत राहिली, दार चुकलेल्या पाहुणीसारखी.

"ममता," धुरपताबाई ओट्यावरून म्हणाली. ओरडली नाही. "आठ दिस थांब. तेवढ्यात पोरं निंघून जातात तिचे. मंग फोड."

"आठ दिवसांनं ओटा नूडल्सवाल्याचा होते."

"ओटे लय भेटतात."

"नाही भेटत, याडी. मले एकच भेटला."

"पाप लागन."

"लागू द्या. मह्या एकटीच्या नावानं लागू द्या. तुमी कोणी हात लावला नाही, हे मी वर जाऊन सांगीन."

तिनं काडी आत घातली.

माती भातासारखी सुटून आली. हातावर पडली ती थंड होती. आणि मातीतून त्या बाहेर पडल्या, हिरव्या अळ्या, मऊ, एकीला चिकटून एक. मेलेल्या नव्हत्या. कुंभारीण त्यांना डंख मारून निजवते आणि आत कोंडते, येणाऱ्या पिलाला ताजं खायला मिळावं म्हणून. त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढं एक पांढरं काहीतरी वळवळत होतं, अजून डोळे नसलेलं.

ममता त्या हिरव्या अळ्यांकडं पाहत राहिली. तिला त्या ओळखू आल्या. जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी निजवून ठेवलेल्या. या घरात ती स्वतः इतकी वर्षं अशीच तर पडून होती, जिवंत, न उठता.

त्या पांढऱ्या दाण्याचं तिला वाईट वाटलं. वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. तिनं ओंजळ कडुनिंबाच्या बुंध्याशी सावलीत रिकामी केली आणि हात धुतले. मग दुसरी नळी. मग भोकं एक एक करून सुईनं मोकळी केली. नळ्या उन्हात वाळवल्या.

स्क्रू फैजनं बसवले. तेवढं तो करायला तयार होता.

"आता दाबा भाभी. चेहरा लांब ठेवा."

ममतानं टाकी सावकाश उघडली. कळ फिरवली. बटण दाबलं.

आग आली ती आवाज न करता आली. नळीच्या एका टोकाला निळा ठिपका, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, कुणीतरी झोपलेल्या ओळीला एकेक करून हळूच उठवत जावं तशी. शेवटच्या भोकापर्यंत गेली आणि तिथं थांबून थरथरत राहिली. दुपारच्या उन्हात ती नीट दिसतही नव्हती. वरची हवा तेवढी पाण्यासारखी हलत होती, आणि त्या हलत्या हवेपलीकडं तांडा, बाभळी, कपाशीचं रान, सगळं किंचित तरंगत होतं. फैज म्हणाला, "माशाल्ला." धनसिंगनं टायर सोडला.

धुरपताबाई पदर तोंडाला लावून रडत होती, घरात माणूस गेल्यावर रडतात तशी, लांब सुरात. ममतानं तिला थांबवलं नाही. समजावलंही नाही. ज्याचं जे गेलं त्याला ते रडू द्यावं. तिनं जाळी विझवली, थंड झाल्यावर फैज आणि धनसिंगनं मिळून ती पिकअपमध्ये चढवली. टोपली, पात, मिरच्या चढल्या. ममता पुढं बसायला गेली तर सीटवर पिठाची पिशवी होती, परात होती, आणि परातीच्या मागं धुरपताबाई, डोळे सुजलेले, नाक लाल.

"तुमी?"

"भाकर कोण थापन? तू? तुही भाकर पाहून गिऱ्हाईक इच्यारीन हा कोणत्या जिल्ह्याचा नकाशा."

"मह्यासाठी येऊ नका."

"तुह्यासाठी कोण येऊन राह्यलं? पिठासाठी येतो. सरक."

वाटेत पिकअप खड्ड्यातून गेली की दोघींचे खांदे एकमेकांवर आदळायचे, आणि कुणीही खांदा काढून घेत नव्हतं.

ढाणकीत ऊन उतरलं होतं. बाजार आवाजानं नाही, उजेडानं भरला होता. टमाट्यांवर, प्लास्टिकच्या बादल्यांवर, बायांच्या बांगड्यांवर तोच मधासारखा उजेड. हाफिजभाईनं मशीनवर कापड टाकलं आणि किल्ली खिशात घालत म्हणाला, "आली का बेटी? नूडल्सवाला आत्ताच पाहून गेला." जाळी लागली. वांग्यांची सालं फुटू लागली. धूर आडवा निघाला आणि येणारे-जाणारे नाकाला हात लावता लावता थांबले. मागं धुरपताबाईचा हात परातीत पडू लागला, थप थप थप.

एक बाई दोन पिशव्या सांभाळत ओट्याशी टेकली. परगावची होती. भरिताकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं, मग ममताच्या गळ्यातल्या मण्यांकडं.

"सून का वो तुमची?" तिनं धुरपताबाईला विचारलं. "लेकरं किती हायेत हिले?"

मागचा हात थांबला.

बाजार चालूच होता. वांग्यातून रस टिपकला आणि आगीवर चर्र झालं. ममतानं वांगं देठाला धरून फिरवलं, भाजलेली बाजू वर आली, काळी, चकाकती, मधोमध उकललेली. तिला मागं वळून बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

"तिखट किती टाकू, बाई?" तिनं विचारलं.

"आं? टाक माय, बेतानं."

"बेतानं नाही जमत मले. मिरच्या आमच्याकडच्या हायेत."

बाई हसली. "मंग टाक, येऊ दे डोळ्यातून पाणी."

ममतानं मिरच्या जाळीवर टाकल्या, आणि मागं परातीत थप असा एक आवाज आला, मग दुसरा.